दाढेच्या जागी चिनी मातीचा पूल

माणसाच्या तोंडात कायमची अशी पहिली दाढ कोणत्या वयात उगवते, हे आठवीच्या वर्गात विचारून पाहावे. बहुतेक मुले दहा, अकरा, बारा असे आकडे सांगतात. खरे उत्तर सहा वर्षे हे आहे. ही दाढ कोणत्याही दुधाच्या दाताला न पाडता, दुधाच्या दाढांच्या मागच्या मोकळ्या जागेत गुपचूप उगवते. त्यामुळे घरची मंडळी तिलाही दुधाचीच समजतात. ती किडू लागली तरी ‘पडेल आणि दुसरी येईल’ म्हणून कोणी फारसे मनावर घेत नाही. पण दुसरी येत नाही. कीड खोलवर जाते, दाढ ठणकू लागते, आणि ऐन तारुण्यात ती काढून टाकण्याची पाळी अनेकांवर येते.

दाढ काढली की दुखणे थांबते. परंतु खरा प्रश्न तेथून सुरू होतो. दात हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसतात. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलीमीटर जाडीचे तंतूंचे अस्तर असते व त्यावर दात जणू टांगलेला असतो. शेजारचे दात आणि समोरच्या जबड्यातील दात यांच्या आधारामुळे तो जागेवर राहतो. खालची पहिली दाढ गेली की तिच्या मागची दाढ पुढे कलते आणि वरची दाढ रिकाम्या जागेत हळूहळू खाली उतरू लागते. हे वरून खाली उतरणे एक-दोन मिलीमीटरचे का असेना, पुढे ते फार महाग पडते. कसे ते आपण हिशोबाने पाहणारच आहोत.

रिकामी जागा भरण्याचे मार्ग तीन. काढता-घालता येणारी कवळी हा पहिला. जबड्याच्या हाडात टायटेनियमचा स्क्रू बसवून त्यावर दाढ उभारणे हा दुसरा. पण जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत तो करता येत नाही. तिसरा मार्ग पुलाचा. दोन बाजूंचे दात हे खांब, आणि त्यांच्या आधारावर मध्ये तरंगणारी कृत्रिम दाढ. आपल्या नागपुरात १९६८ साली शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले. त्या काळापासून कित्येक वर्षे पूल म्हटला की पद्धत एकच होती. दोन्ही बाजूंचे दात चोहोबाजूंनी तासून लहान करायचे, त्यांवर टोप्या चढवायच्या आणि त्या टोप्यांना मधली दाढ जोडायची. आत धातू, वर चिनी मातीचा मुलामा. हे पूल टिकाऊ असतात यात शंका नाही. आजही ते मोठ्या प्रमाणावर बसवले जातात.

पण त्याची किंमत पाहा. टोपीसाठी दात तासला, तर हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग भुकटी होऊन निघून जातो. दोन्ही शेजारी अगदी निरोगी असले तरीही! शिवाय तरुण वयात दाताच्या पोटातील मज्जा, म्हणजे रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असलेला जिवंत गाभा, आकाराने मोठी असते. तासताना ती जवळ येते व दात पुढे मरण्याचा धोका वाढतो. एका गेलेल्या दाढेच्या भरपाईसाठी दोन चांगल्या दातांना जन्मभराची जखम करायची की नाही, हा प्रश्न दंतवैद्यांना फार दिवस बोचत होता.

यावर निघालेला तोडगा सांगायला सोपा आहे. शेजारच्या दातांवर टोप्या चढवायच्याच नाहीत. त्यांच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, अर्ध्या ते पाऊण मिलीमीटर जाडीचे पातळ पंख चिकटवायचे. किंवा दातात आधीच चांदी भरलेला खड्डा असेल तर तेवढ्याच खड्ड्यात पुलाचे टोक बसवायचे. पंख, टोके आणि मधली दाढ हे सारे एकाच पांढऱ्या सिरॅमिकचे. यात तीन शंका लगेच येतात. कपबशीसारखा ठिसूळ पदार्थ चावण्याचा जोर कसा सोसणार? पातळ पंख दाताला चिकटून कसा राहणार? आणि पुलाचे खांबच हलते असतील तर काय? मी पदार्थविज्ञान शिकवतो. दंतवैद्यकाशी माझा संबंध खुर्चीत बसण्यापुरता. पण हे तिन्ही प्रश्न मुळात पदार्थविज्ञानाचेच आहेत.

एक प्रयोग घरी करता येईल. दोन काडेपेट्यांवर एका खडूची टोके टेकवा, मधोमध दोऱ्याने एक लहान पिशवी टांगा आणि तीत एकेक नाणे टाकत जा. खडू कोणत्या नाण्याला मोडतो ते लिहून ठेवा. आता दुसरा खडू घेऊन त्याच्या खालच्या बाजूस मधोमध ब्लेडने आडवी बारीक खाच पाडा आणि पुन्हा नाणी टाका. तो बराच आधी मोडेल. तिसऱ्या खडूला तशीच खाच पाडा, पण ती वरच्या बाजूस ठेवा. आता मात्र खाचेमुळे फारसा फरक पडणार नाही. कारण उघड आहे. तुळई वाकते तेव्हा तिचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. ठिसूळ पदार्थ दाब उत्तम सोसतात, ताण सोसत नाहीत. दाबात चीर मिटते. ताणात ती उघडते आणि तिच्या टोकाशी सारे बल एकवटते. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली काचेवरील प्रयोगांतून दाखवले की काच स्वतः दुबळी नसते, तिच्यावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा तिला दुबळी करतात.

दाढेचा पूल ही अशीच एक तुळई. खालच्या पहिल्या दाढेची जागा सुमारे ११ मिलीमीटर लांब असते. जोर लावून चावताना दाढांवर ५०० न्यूटन इतके बल सहज येऊ शकते; म्हणजे सिमेंटचे एक पोते एका दाढेवर ठेवल्यासारखे. पूल ४ मिलीमीटर रुंद आणि ४ मिलीमीटर उंच असा चौकोनी दांडा आहे असे समजू. अशा तुळईच्या तळाशी दर चौरस मिलीमीटरला येणारा ताण काढण्याचा नियम असा: बलाला लांबीने व ३ ने गुणा, मग रुंदीच्या दुपटीला उंचीच्या वर्गाने गुणून जी संख्या येईल तिने भागा. अंश १६,५००, छेद १२८. उत्तर सुमारे १२९ न्यूटन. उंची ३ मिलीमीटर केली तर हेच उत्तर २२९ होते. २ मिलीमीटर केली तर ५१६! उंची निम्मी, ताण चौपट.

खऱ्या पुलाची टोके काडेपेटीवर ठेवल्यासारखी सुटी नसतात, त्यामुळे हे आकडे तंतोतंत नाहीत. प्रमाण मात्र तेच राहते. आणि आता वरच्या दाढेचे ते खाली उतरणे आठवा. पुलासाठी मिळणारी उंची तीच खाऊन टाकते. दाढ काढल्यानंतर पाच-सात वर्षांनी ‘आता पूल बसवा’ म्हणून येणाऱ्या माणसाजवळ पैसे असतात, पण जागा नसते. दोन दाढा गेलेल्या असतील तर लांबी दुप्पट, ताण दुप्पट, आणि वाकणे तर आठपट, कारण वाक हा लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून हे नाजूक पूल बहुधा एकाच हरवलेल्या दातासाठी वापरतात.

साधी चिनी माती दर चौरस मिलीमीटरला ६० ते १०० न्यूटन ताणाला मोडते. म्हणजे आपल्या हिशोबात ती पहिल्याच पायरीवर बाद. म्हणूनच तर तिच्याखाली धातू घालावा लागत होता. पुढची पायरी काच-सिरॅमिकची. १९५३ साली अमेरिकेत कॉर्निंग काच कंपनीत डोनाल्ड स्टुकी हे लिथियमयुक्त काचेचा तुकडा ६०० अंशांना तापवत होते. भट्टीचे नियंत्रण बिघडून तापमान ९०० अंशांवर गेले. काच वितळून गेली असेल असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात ती पांढरी, अपारदर्शक झाली होती, आणि चिमट्यातून निसटून जमिनीवर पडली तरी फुटली नाही. काचेच्या आत बारीक स्फटिक तयार झाले होते व ते चिरांची वाट अडवत होते. त्याच घराण्यातील लिथियम डायसिलिकेट हा पदार्थ आज दातांसाठी वापरतात. त्याची ताकद ४०० च्या आसपास असते. पुढच्या दातांना आणि उपदाढांना तो पुरतो. मागच्या दाढांसाठी त्याहून बळकट गडी हवा होता. तो म्हणजे झिर्कोनिया.

नाव परके वाटले तरी हा पदार्थ आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. इतवारीतील सराफ्यात ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून जे खडे विकतात ते झिर्कोनियम या धातूचे ऑक्साइडच. हा धातू ज्यातून मिळतो ते झिर्कॉन खनिज केरळ आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत सापडते. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या अणुवीजकेंद्रात इंधन ज्या नळ्यांत भरतात, त्या याच धातूच्या मिश्रणाच्या असतात. मूलद्रव्याचा शोध जुना, क्लाप्रोट या जर्मन रसायनज्ञाने १७८९ साली लावलेला. पण त्याच्या ऑक्साइडची खरी गंमत कळायला जवळपास दोन शतके लागली.

झिर्कोनियाचे स्फटिक तापमानानुसार आपली रचना बदलतात. ११७० अंश सेल्सियसच्या वर एक ठेवण, खाली दुसरी. थंड होताना ठेवण बदलली की स्फटिकाचे आकारमान चार टक्क्यांच्या आसपास वाढते. त्यामुळे शुद्ध झिर्कोनियाची वस्तू भट्टीतून काढून गार केली की तडकून तिचे तुकडे होतात. त्यात थोडे इट्रियम ऑक्साइड मिसळले तर उच्च तापमानाची ठेवण गार झाल्यावरही टिकून राहते. मात्र ती अवघडून बसल्यासारखी असते, संधी मिळाली की फुगायला तयार. ऑस्ट्रेलियातील रॉन गार्वी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की हा फुगण्याचा दुर्गुणच उपयोगी पडतो. चीर पुढे सरकू लागली की तिच्या टोकाशी ताण पडतो. त्या ताणाने तेथील स्फटिक मोकळे होतात, ठेवण बदलतात, फुगतात आणि चिरेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. चिरेला स्वतःच्या वाटेतच अडसर उभा राहतो! अशा झिर्कोनियाची ताकद दर चौरस मिलीमीटरला ९०० ते १२०० न्यूटनपर्यंत जाते.

नागपूरकरांना याचे भावंड रोज दिसते. वर्धा मार्गावर एकाच खांबांवर खाली मोटारींचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो असा दुमजली पूल आहे. २०२२ साली त्याची गिनीज बुकात नोंद झाली, आणि त्याची लांबी ३.१४ किलोमीटर असल्यामुळे गणिताच्या शिक्षकांना तो विशेष प्रिय असावा. काँक्रीटही खडूसारखेच, दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून अशा पुलांच्या तुळयांत पोलादी तारा जोराने ताणून बांधतात. त्या तारा काँक्रीटला सतत दाबून ठेवतात व वाहनांच्या वजनाने येणारा ताण आधी तो दाब कमी करण्यात खर्च होतो. काँक्रीटमधील दाब अभियंता आधीच भरून ठेवतो. झिर्कोनियात तो चीर निघताच, चिरेपाशीच तयार होतो.

तरी झिर्कोनियाला डोळे मिटून अमर समजू नये. याच पदार्थाचे गोळे कंबरेच्या कृत्रिम सांध्यातही बसवत असत. २००१ साली एका उत्पादकाने भट्टीची पद्धत बदलल्यावर त्याचे काही गोळे रुग्णांच्या शरीरात फुटू लागले आणि ते परत मागवावे लागले. ओलाव्यामुळेही ही ठेवण पृष्ठभागापासून हळूहळू बदलू शकते, म्हणून भाजणी काटेकोर लागते. शिवाय खऱ्या दातासारखी पारदर्शक झाक हवी म्हणून इट्रियमचे प्रमाण वाढवले, तर फुगायला तयार असलेले स्फटिक कमी होतात आणि ताकद घटते. पुढच्या दाताला देखणेपणा, मागच्या दाढेला बळ, असा विचार करूनच जात निवडावी लागते.

पूल तयार करण्याची रीतही कुंभाराच्या कामासारखी आहे. अर्धवट भाजलेला झिर्कोनियाचा ठोकळा खडूसारखा मऊ असतो. दातांच्या मापावरून संगणक त्या ठोकळ्यातून पूल कोरून घेतो, मात्र हव्या त्या मापापेक्षा वीस ते पंचवीस टक्के मोठा. मग सुमारे १५०० अंशांच्या भट्टीत तो आटून नेमका बसेल एवढा होतो. मधली दाढ आणि पंख जेथे जुळतात तो सांधा गोलाईदार ठेवतात. तेथे हिरडीच्या बाजूला धारदार कोपरा राहिला, तर तीच आपल्या खडूवरची खाच.

आता चिकटवण्याचा प्रश्न. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर या अमेरिकन दंतवैद्याला एक साधी कल्पना सुचली. कारखान्यात धातूला रंग देण्यापूर्वी तो फॉस्फोरिक आम्लाने धुतात, म्हणजे रंग घट्ट धरतो. मग दातालाही तसेच का करू नये? दाताचे वरचे चकाकते कवच, एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. आम्लाने त्याला अर्ध्या मिनिटात लक्षावधी सूक्ष्म छिद्रे पडतात. त्यांत पातळ राळ शिरते, घट्ट होते आणि दातात जणू मुळे रोवते. काच-सिरॅमिकलाही निराळ्या आम्लाने असेच खडबडीत करता येते. झिर्कोनियात काचच नसल्यामुळे आम्ल त्याला चावत नाही. त्यावर ॲल्युमिनाच्या बारीक वाळूचा झोत सोडतात आणि मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये तयार झालेल्या एका संयुगाचा हात देतात. या रेणूचे फॉस्फेटचे टोक झिर्कोनियाला धरते, तर दुसरे टोक राळेच्या साखळीत गुंफले जाते. सारे काम कोरड्या दातावर व्हावे लागते. लाळेचा एक ओघळ सगळी मेहनत वाया घालवतो.

येथे आपल्या विदर्भाचा एक खास अडथळा आहे. यवतमाळ, चंद्रपूर आणि नागपूर जिल्ह्यांतील काही गावांत विहिरी व हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलीग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरी सोय नसेल तर फार तर दीड, असे भारतीय मानक सांगते. लहानपणी जास्त फ्लोराइड पोटात गेले की दातांवर पांढरे, मग तपकिरी डाग पडतात. फ्लोराइडयुक्त खनिज आम्लात कमी विरघळते. थोड्या प्रमाणात हाच गुण दाताला किडीपासून वाचवतो. पण पंख चिकटवायची वेळ आली की आम्ल अशा एनॅमलला नीट छिद्रे पाडू शकत नाही आणि आतला थर तर सच्छिद्र, ठिसूळ असतो. मग आम्ल जास्त वेळ ठेवावे लागते, वरचा डागाळलेला थर किंचित घासावा लागतो, आणि तरीही पकड कमी राहू शकते. यवतमाळकडच्या एखाद्या गावातील मुलाच्या दातावर दुसऱ्या देशातील पुस्तकाचा अर्ध्या मिनिटाचा नियम जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.

खर्ऱ्याचाही उल्लेख करायलाच हवा. सुपारी दाढांचे एनॅमल झिजवते, आणि सतत चघळल्याने गालाच्या आतले अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. ज्याला दोन बोटेही तोंडात घालता येत नाहीत, त्याच्या मागच्या दाढेवर कोरडे काम करायचे कसे?

राहिला हलत्या खांबांचा प्रश्न, आणि मला तो सर्वांत रंजक वाटतो. चावताना प्रत्येक दात आपल्या अस्तरात किंचित हलतो, आणि शेजारचे दोन दात एकाच दिशेने हलतात असे नाही. नागपुरात हिवाळ्यात तापमान १० अंशांवर उतरते, मे महिन्यात ४५ च्या पुढे जाते. ३० मीटर लांबीची काँक्रीटची तुळई एवढ्या फरकाने सुमारे ११ मिलीमीटर लांबते. तिची दोन्ही टोके खांबांना पक्की जखडली तर काहीतरी तडकणारच; म्हणून ती खास बैठकांवर ठेवतात आणि मध्ये फटी सोडतात. दाढेच्या पुलाला अशी फट देणार कोठे? दोन्ही पंख पक्के, मधला सांधा ताठ. मग दातांची ओढाताण राळेवर येते आणि एक पंख सुटतो. जर्मनीत कील येथील माथियास केर्न यांनी पुढच्या दातांसाठी दोन पंखांच्या पुलांबरोबर एकाच पंखाचे पूल बसवून पाहिले. खांब दोन असताना एकावरच भार देणे वेडेपणाचे वाटेल. पण वर्षे लोटली तसे एका पंखाचेच पूल अधिक टिकलेले दिसले. एकाच दाताला चिकटलेला पूल त्या दाताबरोबर हलतो, ओढाताणच उरत नाही.

मागच्या दाढांना मात्र हे जसेच्या तसे चालत नाही. एका टोकाने धरलेली तुळई ही तरफ आहे. ११ मिलीमीटरच्या दाढेवर पडणारे बल धरणाऱ्या दाताला उलथवू पाहते. म्हणून उपदाढेएवढी लहान जागा असेल तर एक पंख चालून जातो, पूर्ण दाढेला दोन्ही बाजूंचा आधार घ्यावा लागतो आणि पंखांबरोबर दातातील लहानशा खड्ड्याचीही मदत घेतात. पुढच्या दातांचा अनुभव मोठा आहे, मागच्यांचा त्या मानाने कमी. झोपेत दात खाण्याची सवय असणाऱ्यांना, दात आखूड असणाऱ्यांना किंवा एनॅमल झिजून गेलेल्यांना दंतवैद्य हा पूल बहुधा नाकारतो, आणि ते बरोबरच आहे.

दोन पंखांच्या पुलात एक फसवणूकही दडलेली असते. एक पंख सुटला तरी दुसऱ्यावर पूल उभा राहतो. दुखत नाही, हलत नाही, माणूस खुशाल जेवतो. आणि सुटलेल्या पंखाखाली अन्न जाऊन चांगला दात आतून किडत राहतो. एका पंखाचा पूल सुटला तर निदान हातात तरी येतो! म्हणून असा पूल बसवलेल्या माणसाने मधल्या दाढेखालून रोज दोरा फिरवून सफाई करावी आणि वर्षातून एकदा तपासून घ्यावे. तपासणीची एक साधी युक्ती दंतवैद्य वापरतात. पुलावर बोटाने दाब देऊन सोडायचा आणि पंखाच्या कडेकडे पाहत राहायचे. तेथे लाळेचे बारीक बुडबुडे उठताना दिसले, तर ती बाजू सुटलेली असते.